नवरदेव आणि करडी

स्टुडिओला कुलूप लावलं तेव्हा फोटोवाल्यांनी ज्याला त्याला सांगितलं, की सुटलो एकदाचे. पण सुटका त्यांना मानवली नाही. उभा जन्म त्यांनी ओळखपत्रांचे आणि लग्नांचे फोटो काढले होते. 'हनुवटी जरा वर, खांदे सैल, डोळे मिटू नका' हेच त्यांचं रोजचं बोलणं. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला होता आणि हनुवटी वर करायला सांगणारं माणूस कोणाला लागत नव्हतं. मग ते घरातच सुरू झाले. भाजी निवडणाऱ्या बायकोला उजेडाकडे तोंड कर म्हणायचे, जिन्यातल्या दिव्याला नावं ठेवायचे आणि दुपारी झोपून उठले की चहा झाला का ते विचारायच्या ऐवजी उगाच भिंतीकडे बघत बसायचे.

"अहो," एक दिवस बायको म्हणाली, "तुम्ही घरात असलात की मला पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखं वाटतं. जरा बाहेर जा. कॅमेरा घेऊन जा हवं तर."

ते गेले. चार गल्ल्या पलीकडे गावची मोठी बाग होती. मध्ये तळं, आणि तळ्यामागे बुंध्याला भोकं पडलेली म्हातारी झाडं. त्यातल्याच एका झाडाच्या वाकलेल्या फांदीवर त्यांना तो पक्षी दिसला.

पाठ निळी, पण धड एक निळी नाही. मान वळली की हिरवी दिसायची, पंख हलला की जांभळी. पोट केशरी, आणि निळा संपून केशरी सुरू होतो तिथे पांढरी रेघ, गळ्यात कंठा घातल्यासारखी. डोळे पिवळेजर्द. आणि मुख्य म्हणजे तो पळाला नाही. फोटोवाले दोन पावलं पुढे झाले तसा तो उन्हाकडे वळला, छाती पुढे काढली आणि थांबला. इतकं समजूतदार गिऱ्हाईक त्यांना स्टुडिओत कधी भेटलं नव्हतं.

घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडला तेव्हा बायको चष्मा पुसून बघायला आली.

"अगंबाई, हा तर नवरदेव. नटूनथटून निघालाय, फक्त घोडा तेवढा मिळायचाय."

तेच नाव पडलं. पुढे अख्खं गाव त्याला नवरदेव म्हणायला लागलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सूनबाई. मुलगा मालवाहू जहाजावर होता, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. सूनबाई नगरपालिकेच्या उद्यान खात्यात कामाला होती; गावातली झाडं आणि झाडांवरची पाखरं तिच्या ताब्यात. तिनेही फोटो बघितला. "सुंदर आलाय, बाबा," म्हणाली. आणखी काहीतरी तिच्या ओठावर आलं होतं, ते तिने गिळलं आणि भांडी आवरायला गेली. फोटोवाल्यांच्या ते लक्षात आलं, पण त्यांना वाटलं, दमली असेल.

त्यांचे दिवस पालटले. सकाळी उठायला कारण मिळालं. तो फोटो गावच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर आला. मग बँकेने कॅलेंडरवर छापला. मग बेकरीवाल्याने खोक्यावर. रस्त्यातून जाताना लोक थांबवून विचारायचे, "फोटोवाले काका, आज दिसला का नवरदेव?" स्टुडिओ जोरात होता तेव्हाही त्यांना इतका मान मिळाला नव्हता. शाळेतल्या पोरांच्या सहली बागेत येऊ लागल्या. लोक पाव, दाणे, फळांच्या फोडी टाकू लागले. सगळ्यांत पुढे होती ती चौकातली पार्लरवाली. तिने आपल्या खिडक्यांना ताटल्याच टांगल्या. केसांना रंग लावून बसलेल्या बायका आरशात स्वतःला बघायचं सोडून खिडकीतले नवरदेव बघायच्या. ती एकटी राहायची, दुकानाच्याच मागे. "सकाळी काचेवर चोच मारून उठवतात हो मला," ती सांगायची. "आजवर मला कोणी उठवायला आलं नव्हतं."

खायला मिळालं तसे नवरदेव वाढले. आधी जोडी दिसायची, मग थवे दिसायला लागले.

आणि एका सकाळी बागेच्या फाटकावर पाटी लागली. या पक्ष्याला खायला घालू नये. त्याची घरटी शोधून अंडी काढली जातील. मोठे पक्षी पकडून नष्ट केले जातील. खाली उद्यान खात्याचा शिक्का आणि सही.

फोटोवाल्यांनी पाटी वाचली, पण चष्मा घरी राहिला होता, सही लागली नाही. ती त्यांना पार्लरवालीने वाचून दाखवली, भर चौकात.

"काका, वैरी तुमच्या घरात जेवतोय आणि तुम्हाला पत्ता नाही?"

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. बायकोने आधीच ओळखून भाजीचं पातेलं दोघांच्या मध्ये ठेवलं होतं.

"त्या पाटीवर तुझी सही आहे म्हणे."

"आहे," सूनबाई म्हणाली.

"मला सांगायचं तरी. चौकात तोंडावर पडलो मी."

"काय सांगणार होते, बाबा? स्टुडिओ गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदा शीळ घालत घरी यायला लागला होतात. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, परवा. तेवढ्यात बँकेने कॅलेंडर काढलं."

"पण त्या पाखराने कोणाचं घोडं मारलंय?"

"ते इथलं पाखरू नाही. कोणीतरी हौसेने पिंजऱ्यात आणलं, हौस फिटली तसं सोडून दिलं. इथे त्याला खाणारं कोणी नाही आणि खायला घालणारं सगळं गाव. ते घरटं बांधत नाही, झाडाच्या ढोलीत शिरतं. ढोल्या आहेतच किती? आत जो आधीपासून राहतो त्याला बाहेर काढतं."

"कोणाला?"

"करडीला."

करडी त्यांना माहीत होती, म्हणजे नावाने. मुठीत मावेल एवढी, राखेच्या रंगाची चिमणी म्हणा ना. मागे एकदा नवरदेवाच्या फोटोच्या कोपऱ्यात एक आली होती. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून त्यांनी ती कापून टाकली होती.

"तुझं ते शास्त्र तुझ्यापाशी," ते शेवटी म्हणाले आणि ताटावरून उठले.

त्या आठवड्यात गावभर भित्तिपत्रकं लागली. फोटो फोटोवाल्यांचाच, कॅलेंडरवरून उचललेला, आणि खाली मोठ्या अक्षरात: मी तुमचं काय बिघडवलं? पार्लरवालीने त्यांना विचारलंही नव्हतं. त्यांना राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. सूनबाई ऑफिसला जायची ती त्या पत्रकांच्या रांगेतूनच. एका पत्रकावर कोणीतरी तिचं नाव लिहून त्यापुढे 'कसाई' असं लिहिलं होतं. ती घरी काही बोलली नाही. ते बायकोने बाजारात बघितलं आणि घरी येऊन पिशवी आपटली.

"तुमच्या फोटोखाली माझ्या सुनेला शिव्या लिहिल्यात," ती म्हणाली. "घरात दोन पक्ष आणि स्वयंपाक एक, असं माझ्याच्याने व्हायचं नाही. काय ते बघा."

फोटोवाले बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत बसले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. मग सूनबाईच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"मला एकदा दाखव," ते म्हणाले. "तू म्हणतेस ते. डोळ्यांनी बघू दे."

दुसऱ्या दिवशी ती दोघं उजाडताच बागेत गेली. तळ्यामागच्या एका झाडाला पुरुषभर उंचीवर भोक होतं. सूनबाईने त्यांना झुडपाआड बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. थोड्या वेळाने करडी आली. चोचीत पांढरं पीस. इकडेतिकडे बघून आत शिरली, बाहेर आली, पुन्हा गेली. सवयीने फोटोवाल्यांचं बोट चालत होतं.

मग नवरदेवाची जोडी आली. कोवळं ऊन पडलं होतं आणि दोघं अशी चमकत होती, की फोटोवाल्यांनी कॅमेरा लगेच त्यांच्याकडे वळवला. नर ढोलीच्या तोंडाशी बसला. आत डोकावला. आत शिरला. मग आतून एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. शेवाळ आलं, पिसं आली, केसांचा गुंता आला. मग अंडं आलं, वाटाण्याहून थोडंच मोठं. ते मुळावर पडून फुटलं. मग दुसरं. करडी जवळच्या काटकीवर बसली होती, चोचीत नवीन आणलेला धागा धरून. ती तो टाकतही नव्हती आणि तिला तो ठेवायला जागाही नव्हती.

सूनबाईने तोंड फिरवलं. हे तिने अनेकदा बघितलं असणार, पण तिला अजून सवय झाली नव्हती.

"त्याची तरी काय चूक?" कॅमेरा खाली घेत फोटोवाले म्हणाले.

"काहीच नाही. त्यालाही घर हवंय. तो वाईट नाही, बाबा. त्याला इथे अडवणारं कोणी नाही, एवढंच."

"म्हणून तुम्ही अंडी फोडणार."

"काढून घेतो, आणि तिथे मातीची ठेवतो. ती बिचारी त्यांच्यावर बसून राहतात. मला ते आवडतं असं समजू नका. पहिल्यांदा केलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. आई म्हणाल्या होत्या पित्त झालं असेल."

घरचा जिना चढताना तिने त्यांची बॅग घेतली आणि त्यांनी ती घेऊ दिली.

त्या दिवसापासून फोटोवाले करडीच्या मागे लागले. ते गिऱ्हाईक कठीण होतं. नवरदेव स्वतःहून पोझ द्यायचा. हिचा पत्ता लागेपर्यंत ही उडालेली असायची. ऊन पडलं की सावलीत जायची, सावलीत तिचा आणि सालीचा रंग एकच. फोटो काढून घरी बघावा तर नुसती फांदी. ते तासन्‌तास बसायचे आणि मान आखडून घरी यायचे.

"या बाईसाठी उन्हातान्हात बसता," बायको पाठीला मलम लावताना म्हणायची. "माझ्यासाठी सिनेमाच्या रांगेत उभं राहायचं तर पाय दुखायचे तुमचे."

"तू उडून जात नव्हतीस."

"विचार करत होते कधीकधी."

हळूहळू फोटो मिळायला लागले. करडी सुंदर होती असं म्हणता यायचं नाही. शेवटपर्यंत ती तशी झाली नाही. पण कामसू होती. उलटी लटकून सालीखालचे किडे काढायची आणि एका झाडाचं सगळं अंग तपासल्याशिवाय दुसऱ्याकडे जायची नाही. एक ढोली गेली की दुसरी शोधायची. दुसरी गेली की तिसरी. फोटोवाल्यांना लग्नाच्या घरातल्या त्या बायका आठवायच्या, ज्या सगळं लग्न पार पाडतात आणि एकाही फोटोत येत नाहीत.

महिनाअखेरीस वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा ठरली. उद्यान खात्याने आपलं म्हणणं मांडायचं, लोकांनी आपलं. हॉल भरून गेला. पार्लरवालीने पहिल्या रांगेत आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना बसवलं होतं, सगळ्यांचे केस एकसारखे चमकत होते. ती बोलली आणि चांगली बोलली. सूनबाई उठली तेव्हा मागून कोणीतरी मांजरासारखा आवाज काढला. तिने तक्ते दाखवले, आकडे सांगितले. नजर तिने हातातल्या कागदावरून उचलली नाही. लोक आपापसात बोलायला लागले.

तेव्हा फोटोवाले उठले. सभेला येणार एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं.

"मला पडदा द्या थोडा वेळ," ते म्हणाले.

पहिला फोटो त्यांनी तोच लावला, कॅलेंडरवरचा. टाळ्या पडल्या. पार्लरवाली मागे वळून सगळ्यांकडे बघून हसली.

"हा माझा फोटो," फोटोवाले म्हणाले. "भिंतीभिंतीवर लावलाय तुम्ही. मला विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, त्यामुळे ते सोडा. आता पुढचे बघा. झाड एकच, ढोली एकच, सकाळही एकच."

करडी, चोचीत पीस. नवरदेव, ढोलीच्या तोंडाशी, उन्हात झळकणारा. मुळावर फुटलेलं अंडं. काटकीवर करडी, चोचीत धागा.

शेवटचा फोटो त्यांनी बराच वेळ ठेवला. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, हा तर निसर्गाचा नियम आहे. जो जोरकस तो जगतो."

"पिंजरा काही निसर्गाने विणला नव्हता," फोटोवाले म्हणाले. "आणि पावाचे तुकडेही झाडाला लागत नाहीत."

पार्लरवाली उभी राहिली. चेहरा उतरला होता. "म्हणजे मी प्रेमाने खायला घातलं ते पाप झालं?"

"पाप कुठलं. तुम्ही खायला घातलंत, मी फोटो काढून डोक्यावर बसवलं. लाड आपण दोघांनी केले. तो आहेच लाड करण्यासारखा. पण दुसऱ्याच्या पोराच्या तोंडचा घास जातोय हे दिसल्यावर हात आवरायला नको का?"

ती खाली बसली. मग सूनबाईच बोलली, आता कागद बाजूला ठेवून. "ताई, मोठे पक्षी मारायचे नाहीत असं आपण ठरवू शकतो. पकडून मोठ्या जाळीघरात ठेवू. तिथे झाडं असतील, पाणी असेल. तुम्ही रोज येऊन बघू शकाल. आणि करडीसाठी लाकडी घरं लावायची आहेत, दार एवढंच ठेवायचं, की ती आत जाईल आणि नवरदेवाचे खांदे अडकतील."

"म्हणजे नवरदेवाला दारातच अडवायचं," फोटोवाल्यांची बायको तिसऱ्या रांगेतून मोठ्याने म्हणाली, आणि त्या संध्याकाळी सभा पहिल्यांदा हसली.

सगळ्यांना पटलं असं नाही. काहीजण पाय आपटत गेले. काही खिडक्यांत ताटल्या लटकतच राहिल्या. पण मोठे पक्षी न मारण्याची अट घालून योजना मंजूर झाली, आणि आठवड्याभराने पार्लरवाली स्वतः उद्यान खात्याच्या ऑफिसात गेली. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "ती लाकडी घरं कोण बनवतंय? माझ्या शेजारी सुतार आहे. माझ्या खिडकीसमोरच्या झाडावरही एक लावा. ताटली काढली तेव्हापासून खिडकी ओकीबोकी वाटते."

घरं लागली ती थंडी सुरू होता होता. थंडी सरली तरी ती रिकामीच. एकात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. एक वाऱ्याने पडलं आणि कोणीतरी जळणाला नेलं. सूनबाई आठवड्यातून एकदा शिडी लावून आत बघायची आणि मान हलवत खाली उतरायची. जाळीघरात नवरदेव येत होते. फोटोवाले तिथेही जायचे, फोटो काढायचे, त्यांच्याशी बोलायचे. सूनबाईने त्यांना कधी टोकलं नाही. बाहेरचे थवे विरळ झाले होते, पण संपले नव्हते.

मग एका सकाळी फोटोवाल्यांचा फोन वाजला.

"काका, कॅमेरा घेऊन या," पार्लरवाली कुजबुजत होती. "जिना चढताना चपलांचा आवाज करू नका."

ते पोहोचले तेव्हा पार्लरमध्ये दिवे बंद होते. एक बाई डोक्याला रंग फासून, खांद्यावर टॉवेल घेऊन खिडकीशी उभी होती. पार्लरवालीने बोटाने दाखवलं. समोरच्या झाडावरच्या लाकडी घराच्या भोकात करडीचं डोकं. बाहेर आली, उडाली, अळी घेऊन परत आली, आणि आतून बारीक, भुकेला कालवा उठला.

"कालपासून ऐकतेय," पार्लरवाली म्हणाली. "आधी वाटलं उंदीर आहेत."

फोटोवाले कॅमेरा लावतायत तोवर निळी झळाळी झाडावर उतरली. पार्लरवालीने त्यांचा दंड धरला. नवरदेव भोकाशी गेला, डोकं आत घातलं, खांदे अडकले. मागे आला, पंख आवळून पुन्हा डोकं घातलं. करडी समोरच्या फांदीवरून सारखी ओरडत होती. तिसऱ्यांदा अडकल्यावर त्याने छताला दोन चोची मारल्या, अंग फुलवलं आणि तो उडून गेला. करडी अळी घेऊन आत शिरली.

रंग लावलेल्या बाईने टॉवेलने डोळे पुसले आणि गालावर काळा पट्टा उमटला. "माझ्या केसांची वेळ कधीच होऊन गेली असेल," ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

फोटोवाल्यांनी सूनबाईला फोन लावला. ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन धावतच आली आणि खिडकीला नाक लावून उभी राहिली. तिने पिल्लांचे आवाज वेगवेगळे करायचा प्रयत्न केला, चार म्हणाली, मग पाच म्हणाली, मग मोजायचं सोडून दिलं. या सगळ्या दिवसांत फोटोवाल्यांनी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. पार्लरवालीने तिला खांद्याला धरून आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं.

"मॅडम, केस किती रुक्ष झालेत तुमचे. झाडांकडे बघता तसं याच्याकडेही बघत जा जरा. डबा उघडा, जेवा, तोवर मी टोकं कापते."

"खिडकीकडे तोंड करून बसू का?" सूनबाईने विचारलं.

"बसा. मान तेवढी हलवू नका."

खुर्ची फिरली. कात्री चालू झाली. फोटोवाल्यांनी त्यांच्याकडे न बघता, डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच ठेवून, दोघींना हळू बोलायला सांगितलं.